बोल्ट आधी की ग्रोथ आधी? स्टॅक, प्रायॉरिटी आणि टेबलावरचे वाद

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुला लगेच दिसेल. गड्ड्याच्या सुट्टीत पुण्याचा मामेभाऊ तुमच्याकडे जुळे सोलापुरात आला होता आणि दोघं ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळायला बसलात. पहिल्या डावात तू ग्रिझली बेअर्सने, म्हणजे २/२ अस्वलाने (पॉवर, म्हणजे देतं ते डॅमेज, दोन; टफनेस, म्हणजे किती डॅमेजने मरतं, तोही दोन), हल्ला केलास. त्याने त्या अस्वलावर लाइटनिंग बोल्ट (तीन डॅमेज) टाकला, तू त्यावर जायंट ग्रोथ (टर्न संपेपर्यंत +३/+३) टाकलीस आणि अस्वल वाचलं. टर्न संपताना तो म्हणाला, ग्रोथ उतरली, अस्वल परत २/२ झालं, अंगावर तीन डॅमेज आहेच, तेव्हा मेलं. दुसऱ्या डावात आधी तू ग्रोथ टाकलीस, मग त्याने बोल्ट टाकला, आणि तो म्हणाला अस्वल मेलं. तू म्हणालास, “तीच दोन कार्डं, मग मघाशी वाचलं ते आता कसं मेलं बे?” तिसरा वाद, तिसऱ्या डावातला, आयसी मॅनिप्युलेटरचा, म्हणजे दुसरं कार्ड टॅप (आडवं) करणाऱ्या कार्डाचा. तू हल्ल्यासाठी क्रीचर, म्हणजे लढणारं कार्ड, आडवं केलंस, त्याने मॅनिप्युलेटर वापरून तेच क्रीचर टॅप केलं आणि हल्ला रद्द म्हणून सांगितलं. तू अकरावीत आहेस असं लिहिलंयस म्हणून एकेरीत लिहितो.

निकाल आधी सांगतो. पहिल्या डावात अस्वल वाचलं आणि टर्न संपल्यावरही जिवंतच राहिलं, तिथे भाऊ चुकला. दुसऱ्या डावात अस्वल मेलं, तिथे तो बरोबर. तिसऱ्या वादाचं उत्तर नक्की काय बोललं गेलं यावर अवलंबून आहे. हल्ला रद्द झाला नाही हे मात्र नक्की.

आता मुळाशी येऊ. तुम्ही दोघंही ‘आधी कोणी टाकलं’ आणि ‘कोणाचं कार्ड जास्त वेगवान’ यावर भांडत होतात. आजच्या मॅजिकमध्ये इन्स्टंटांमध्ये, म्हणजे समोरच्याच्या टर्नमध्येही टाकता येणाऱ्या बोल्ट-ग्रोथसारख्या कार्डांमध्ये, वेगाचा फरक नसतो. एके काळी होता. जुन्या कार्डांवर ‘इंटरप्ट’ असा प्रकार छापलेला दिसेल, तो इन्स्टंटपेक्षा वेगवान धरला जायचा. १९९९ मध्ये सिक्स्थ एडिशनच्या नियमांबरोबर तो प्रकार गेला आणि स्टॅक आला. तेव्हापासून वेळेचा कुठलाही प्रश्न तीन गोष्टी विचारून सुटतो. कोणाचा टर्न आणि त्यातली कोणती स्टेप चालू आहे? स्टॅकवर काय काय आहे? आणि या क्षणी प्रायॉरिटी, म्हणजे काही करायचा हक्क, कोणाकडे आहे? माझ्यासमोर आलेल्या वादांपैकी बहुतेक वादांत खेळणाऱ्यांना नियम माहीत असतात, पण ही तीन उत्तरं दोघांची वेगवेगळी असतात.

स्टॅक समजायला नव्या पेठेतल्या चादरीच्या दुकानाचा काउंटर डोळ्यांसमोर आण. दुकानदार एकावर एक चादरी टाकत जातो आणि उचलायची वेळ आली की सगळ्यात वरची आधी उचलली जाते. स्पेल (हातातून खेळलेलं कार्ड, जसं बोल्ट किंवा ग्रोथ) टाकला की तो स्टॅकवर जातो, लगेच काही घडत नाही. त्यावर कोणी दुसरा स्पेल टाकला तर तो वर बसतो. दोघांनीही लागोपाठ ‘पास’ म्हटलं की सगळ्यात वरचा एक, फक्त एकच, रिझॉल्व्ह होतो, म्हणजे त्याचा परिणाम घडतो. मग प्रायॉरिटी पुन्हा ज्याचा टर्न आहे त्याच्याकडे येते आणि दोघांनाही पुन्हा संधी मिळते.

हे ‘फक्त एकच’ नीट लक्षात घे, कारण नवे खेळाडू इथेच गडबडतात. अनेकांना वाटतं की एकदा स्टॅक सुटायला लागला की तळापर्यंत सलग सुटत जातो. यू-गी-ओ मध्ये तसं आहे. तिथे चेन सुटायला लागली की मध्ये नवीन कार्ड घुसवता येत नाही. पोकेमॉनमध्ये तर समोरच्याच्या टर्नमध्ये हातातलं कार्ड टाकताच येत नाही, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. तू आधी पोकेमॉन खेळायचास असं लिहिलंयस, म्हणून हा फरक मुद्दाम सांगतो. मॅजिकमध्ये प्रत्येक रिझॉल्व्हनंतर दार पुन्हा उघडतं.

आता तुझे दोन डाव यावरून पाहू. पहिल्या डावात भावाने बोल्ट टाकला, तो तळाशी बसला. तुला प्रायॉरिटी मिळाली, तू ग्रोथ टाकलीस, ती वर बसली. दोघांनी पास केलं. ग्रोथ आधी रिझॉल्व्ह झाली आणि अस्वल ५/५ झालं. पुन्हा दोघांना संधी मिळाली, कोणी काही केलं नाही, मग बोल्ट रिझॉल्व्ह झाला आणि तीन डॅमेज बसलं. टफनेस पाच, डॅमेज तीन, अस्वल जिवंत. दुसऱ्या डावात ग्रोथ तळाशी होती आणि बोल्ट वर. बोल्ट आधी रिझॉल्व्ह झाला तेव्हा अस्वल अजून २/२ होतं. तीन डॅमेज बसलं, ते मेलं. ग्रोथची वेळ आली तेव्हा तिचं टार्गेटच मैदानात नव्हतं, म्हणून ती काहीही न करता तुझ्या ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगात, गेली. खेळाडू त्याला ‘फिझल झाली’ म्हणतात. कार्डं तीच होती, फक्त त्यांचा क्रम उलटला होता.

यातून खेळायच्या दृष्टीने एक गोष्ट निघते. डॅमेज वाढवायला म्हणून स्वतःहून ग्रोथ टाकतोस तेव्हा तू समोरच्याला उत्तर द्यायची संधी देतोस, आणि तेही अस्वल लहान असताना. त्याच्याकडे एक लाल लँड (माना, म्हणजे कार्डं टाकायची किंमत, देणारं कार्ड) अनटॅप, म्हणजे न वापरलेलं, असेल तर हा धोका आहे. तो मोकळ्या मानाशिवाय बसलाय तेव्हा टाक, किंवा त्याने काही केल्यावर उत्तर म्हणून टाक. उलट भावाच्या बाजूने पाहिलं तर पहिल्या डावात त्याच्याकडे दुसरा बोल्ट आणि त्यासाठी माना असता तर अस्वल मेलं असतं. ग्रोथ रिझॉल्व्ह झाल्यावर, पहिला बोल्ट अजून स्टॅकवर असताना, त्याला पुन्हा संधी होतीच. तीन आणि तीन सहा, टफनेस पाच.

टर्न संपतानाच्या वादाकडे येतो. भावाचा तर्क वरवर अगदी सरळ वाटतो आणि हा प्रश्न मला नव्या माणसांकडून सारखा येतो. क्लीनअप स्टेपमध्ये, म्हणजे टर्नच्या अगदी शेवटी, दोन गोष्टी होतात: क्रीचरांवर बसलेलं डॅमेज पुसलं जातं, आणि ‘टर्न संपेपर्यंत’ असं लिहिलेले परिणाम संपतात. नियम सांगतो की या दोन्ही एकाच वेळी होतात. त्यामुळे अस्वल २/२ आहे आणि अंगावर तीन डॅमेज आहे असा क्षण कधी येतच नाही. भावाने आधी ग्रोथ उतरवली आणि डॅमेज तसंच ठेवलं, असा क्रम नियमांत नाही.

दुसऱ्या डावात तू आणखी एक विचारलंस: “बोल्ट लागल्यावर, अस्वल मरायच्या आधी मी ग्रोथ टाकू शकलो असतो का?” नाही. यासाठी स्टेट-बेस्ड अॅक्शन्स समजून घ्याव्या लागतात. माझ्या मते या खेळातला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. कोणालाही प्रायॉरिटी मिळण्याच्या ठीक आधी खेळ स्वतः मैदान तपासतो. कोणाचं लाइफ शून्य किंवा कमी आहे का? एखाद्या क्रीचरचा टफनेस शून्य झालाय का? टफनेसइतकं किंवा जास्त डॅमेज बसलंय का? एकाच नावाची दोन ‘लेजंडरी’ छापलेली कार्डं एकाच खेळाडूकडे आहेत का? असेल तर लगेच निकाल लागतो. हे स्टॅकवर जात नाही आणि त्याला उत्तर देता येत नाही. डॅमेज बसणं आणि मरणं यांच्या मध्ये खेळाडूला हात घालायला जागा नसते. वाचवायचं असेल तर बोल्ट स्टॅकवर असतानाच.

पण हा तपास स्पेल रिझॉल्व्ह होत असताना मध्येच होत नाही, तो पूर्ण संपल्यावर होतो. याचं उत्तम उदाहरण म्हणजे टार्मोगॉइफ हे क्रीचर. त्याची पॉवर म्हणजे सगळ्या ग्रेव्हयार्डांत मिळून जितके कार्डप्रकार आहेत तितकी, आणि टफनेस त्याहून एक जास्त. समज, ग्रेव्हयार्डांत मिळून एक क्रीचर आणि एक लँड आहे, इन्स्टंट एकही नाही. म्हणजे टार्मोगॉइफ २/३. कोणी त्याच्यावर बोल्ट टाकला, टफनेस तीन, डॅमेज तीन, मेला असं वाटतं. पण बोल्ट रिझॉल्व्ह होताना शेवटची पायरी म्हणून स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जातो आणि तपास त्यानंतर होतो. तोपर्यंत ग्रेव्हयार्डात इन्स्टंट हा तिसरा प्रकार आलेला असतो, टार्मोगॉइफ ३/४ झालेला असतो आणि तीन डॅमेज घेऊन जिवंत राहतो. हे उदाहरण एकदा कार्डं मांडून करून बघ. सूचना वाचून जे कळत नाही ते यातून कळतं.

आता मॅनिप्युलेटर. हल्ल्यात उतरलेलं क्रीचर टॅप केलं तर काहीच होत नाही. हल्ला करताना ते टॅप झालेलंच असतं, आणि टॅप असलं म्हणून ते कॉम्बॅटमधून (लढाईतून) बाहेर पडत नाही, डॅमेजही देतंच. त्यामुळे “टॅप केलं, हल्ला रद्द” हे चूक. हल्ला थांबवायचा तर हल्लेखोर जाहीर होण्याआधी टॅप करावं लागतं, आणि त्यासाठी नेमकी जागा आहे: ‘बिगिनिंग ऑफ कॉम्बॅट’ ही स्टेप. ती मेन फेजनंतर, म्हणजे क्रीचरं वगैरे टाकायच्या भागानंतर, आणि हल्लेखोर जाहीर करण्याआधी येते. तिथे दोघांनाही प्रायॉरिटी मिळते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तू विचारलंस का, “कॉम्बॅटला जाऊ का?” आणि भाऊ “जा” म्हणाला का? तसं असेल तर त्याची संधी गेली. तू क्रीचर आडवं केल्यावर त्याला टॅप करणं आठवलं असेल, तर त्याने एक माना फुकट घालवला आणि मॅनिप्युलेटरही टॅप करून बसला. पण तू काहीच न विचारता मेन फेजमधून थेट क्रीचर आडवं केलं असशील, तर गोष्ट वेगळी आहे. मग तू त्याची प्रायॉरिटी ओलांडून गेलास. घाई केल्यामुळे समोरच्याचा हक्क जात नाही. अशा वेळी मी दोन पावलं मागे घेतो: क्रीचर उभं करायचं, आपण कॉम्बॅटच्या सुरुवातीला आहोत असं धरायचं आणि समोरच्याला विचारायचं की इथे काही करायचंय का. तुझ्या लिहिण्यावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. “मी लगेच कार्ड आडवं केलं” हे तुझेच शब्द आहेत. तसं झालं असेल तर भावाला टॅप करू द्यायला हवं होतं. मात्र तो जे कारण सांगत होता ते चूकच राहतं.

एक पुढची गोष्टही यातच येते. “कॉम्बॅटला जाऊ का?” म्हटल्यावर त्याने तुझं क्रीचर टॅप केलं, तर तुला परत मेन फेजमध्ये जाऊन हेस्ट असलेलं, म्हणजे आल्याआल्या हल्ला करू शकणारं, नवं क्रीचर टाकता येत नाही. स्पर्धांमध्ये या वाक्याचा ठरलेला अर्थच असा आहे की तू मेन फेज सोडली आणि समोरचा कॉम्बॅटच्या सुरुवातीला काही करणार का ते विचारतोयस. नवं क्रीचर दुसऱ्या मेन फेजमध्ये टाकता येईल, पण त्या हल्ल्यात ते नसेल. म्हणूनच मॅनिप्युलेटरवाल्याने क्रीचर अडवायला ही स्टेप वापरावी. त्याला लँड टॅप करून माना अडवायचा असेल तर तुझी अपकीप, म्हणजे टर्नच्या सुरुवातीची स्टेप, चांगली. तू उत्तर म्हणून त्या लँडचा माना काढू शकतोस, पण स्टेप संपली की तो माना उरत नाही, त्यामुळे अपकीपमध्ये इन्स्टंट नसेल तर तो वाया जातो. मानासाठी लँड टॅप करणं स्टॅकवर जात नाही, हेही इथेच लक्षात ठेव.

तू विचारलं नाहीस, पण भावाच्या डेकमध्ये प्रॉडिगल सॉर्सरर आहे असं लिहिलंयस, म्हणजे हा वाद तुमच्यात उद्या होणारच. तो टॅप करून एक डॅमेज देतो. त्याने अॅबिलिटी वापरली, तू उत्तरात बोल्ट टाकून त्या जादूगाराला मारलंस. डॅमेज बसणार का? बसणार. अॅबिलिटी एकदा स्टॅकवर गेली की ती ज्या क्रीचरची होती त्याच्यावर अवलंबून राहत नाही. मारायचंच असेल तर तो वापरायच्या आधी मारायचं. आणि तो टॅप करत असताना मध्येच “थांब” म्हणून मारता येत नाही, कारण टॅप करणं ही किंमत आहे. अॅबिलिटीच्या ओळीत विसर्गासारखी दोन टिंबं दिसतील, कोलन. त्याच्या डावीकडे जे आहे ती किंमत, उजवीकडे परिणाम. किंमत भरताना कोणालाही मध्ये पडता येत नाही. मॉग फॅनॅटिकचं बघ, स्वतःला बळी देऊन एक डॅमेज देतो. बळी देणं कोलनच्या डावीकडे आहे. म्हणजे तू त्याच्यावर बोल्ट टाकलास तर तो उत्तरात स्वतःला बळी देऊन डॅमेज टाकेलच, आणि तुझ्या बोल्टला टार्गेट उरणार नाही.

हे सगळं कार्ड अक्षरशः वाचल्याशिवाय जमत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून एक जोडी सांगतो. ऑब्लिव्हियन रिंग आणि बॅनिशिंग लाइट ही दोन्ही कार्डं समोरच्याची एखादी गोष्ट हद्दपार करतात आणि स्वतः गेली की ती परत येते. दिसायला दोन्ही एकच. पण रिंगवर दोन वेगळे ट्रिगर, म्हणजे ठरावीक गोष्ट घडली की आपोआप स्टॅकवर जाणाऱ्या अॅबिलिटी, आहेत: आल्यावर हद्दपार कर, गेल्यावर परत कर. बॅनिशिंग लाइटवर एकच आहे: हे मैदान सोडेपर्यंत हद्दपार कर. आता रिंगचा पहिला ट्रिगर स्टॅकवर असतानाच रिंग नष्ट केली तर काय होतं? ‘गेल्यावर’चा ट्रिगर त्याच्या वर बसतो आणि आधी रिझॉल्व्ह होतो. अजून काही हद्दपार झालेलंच नाही, म्हणून परत आणायला काही नाही. मग खालचा ट्रिगर सुटतो आणि ते कार्ड हद्दपार होतं, कायमचं. तेच बॅनिशिंग लाइटबरोबर केलंस तर ‘सोडेपर्यंत’ची मुदत आधीच संपलेली असते, म्हणून काहीच हद्दपार होत नाही. रिंग नष्ट करणारा माणूस स्वतःचंच कार्ड कायमचं गमावतो, लाइट नष्ट करणारा वाचवतो. दोघांनी तेच केलेलं असतं, फक्त कार्डावरची वाक्यरचना वेगळी.

आणि कार्ड वाचायचं म्हणजे छापलेलं नाही, आजचं अधिकृत वाचायचं. प्रत्येक कार्डाचा सध्याचा मजकूर ‘ओरॅकल’ म्हणून ठेवलेला असतो आणि तो ‘गॅदरर’ किंवा ‘स्क्रायफॉल’वर मोबाइलवर लगेच सापडतो. तुझ्या काकांच्या जुन्या डब्यात ‘इंटरप्ट’ छापलेला काउंटरस्पेल असेल, पण तो आज इन्स्टंट म्हणूनच खेळायचा.

इंटरनेटवरची उत्तरं वाचतानाही तारीख बघ. भाऊ म्हणाला ना, “डॅमेज स्टॅकवर ठेवून मग फॅनॅटिक बळी देता येतो, म्हणजे दोन्हीकडून डॅमेज होतं”? एके काळी ते खरंच शक्य होतं. २००९ च्या जुलैमध्ये मॅजिक २०१० च्या नियमांबरोबर ते बंद झालं. आता कॉम्बॅट डॅमेज स्टॅकवर जात नाही, थेट बसतं. बळी दिलेला फॅनॅटिक कॉम्बॅटमध्ये डॅमेज देत नाही. दुसरा बदल ताजा आहे. एका हल्लेखोराला अनेकांनी अडवलं तर आधी हल्लेखोराला क्रम लावावा लागायचा की कोणाला आधी डॅमेज. नोव्हेंबर २०२४ मध्ये फाउंडेशन्स या कार्डसंचाबरोबर तो क्रम काढून टाकला. आता डॅमेज देण्याच्या क्षणी हल्लेखोर हवं तसं वाटतो. वेळेच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. पूर्वी अडवणाऱ्याला क्रम आधीच दिसायचा आणि त्याप्रमाणे तो ग्रोथ कुठे टाकायची ते ठरवायचा. आता त्याला आंधळेपणाने ठरवावं लागतं. त्यामुळे जुनं उत्तर तू वाचशील ते चुकीचं लिहिलेलं नसेल, पण आजचं नसेल.

ट्रिगरांबद्दल थोडक्यात. दोघांचे ट्रिगर एकाच वेळी पेटले तर ज्याचा टर्न आहे त्याचे आधी स्टॅकवर जातात, समोरच्याचे त्यावर. म्हणजे समोरच्याचे आधी सुटतात. समज, दोघांकडे एकेक ब्लड आर्टिस्ट (कोणतंही क्रीचर मेलं की एका खेळाडूचं एक लाइफ कमी करून आपल्या मालकाचं एक वाढवणारं क्रीचर) आहे आणि दोघांचंही लाइफ एक. तुझ्या टर्नमध्ये तू रॅथ ऑफ गॉड टाकून सगळी क्रीचरं मारलीस. दोन्ही ब्लड आर्टिस्ट एकत्र मरतात, तरी मरताना एकमेकांना आणि स्वतःला पाहतात, सगळे ट्रिगर होतात. पण समोरच्याचा ट्रिगर वर बसलाय. तो आधी सुटतो, तुझं लाइफ शून्य होतं आणि तू हरतोस, तुझे ट्रिगर सुटण्याआधीच. स्वतःचेच अनेक ट्रिगर असतील तर त्यांचा आपसातला क्रम तू ठरवायचा.

भाऊ पुण्यात मॅजिक अरेनावर, म्हणजे मॅजिकच्या ऑनलाइन गेमवर, जास्त खेळतो असं दिसतं, आणि त्याचे काही गैरसमज तिथून आलेत असं मला वाटतं. अरेना नियमांत चुकत नाही, पण तो सोयीसाठी प्रायॉरिटी परस्पर सोडतो. तुमच्याकडे त्या क्षणी टाकण्यासारखं काही नसेल तर तो थांबतच नाही. म्हणून खेळणाऱ्याला वाटतं की अपकीप किंवा कॉम्बॅटची सुरुवात यांना काही अर्थच नाही. अरेनात थांबे लावता येतात आणि ‘फुल कंट्रोल’ चालू केला तर प्रत्येक प्रायॉरिटी दिसते. त्याला एकदोन डाव तसे खेळायला सांग. कंटाळवाणे वाटतील, पण प्रत्येक थांबा कुठे आहे ते कळेल.

आता टेबलावर काय करायचं. मी रविवारी मुलांना शिकवायला बसतो तेव्हा एक सवय सगळ्यांत आधी लावतो: टाकलेला स्पेल हातातून थेट ग्रेव्हयार्डमध्ये टाकायचा नाही. टेबलाच्या मधोमध ठेवायचा, आणि त्यावर उत्तर आलं तर त्या कार्डावर कार्ड. अॅबिलिटी असेल तर तिच्या जागी एखादं टोकन किंवा कागदाचा कपटा. दोघांना स्टॅक डोळ्यांनी दिसला की अर्धी भांडणं होतच नाहीत. दुसरी सवय, स्पेल टाकल्यावर समोरच्याकडे बघून “चालेल?” विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत काही हलवायचं नाही. तुझ्या दुसऱ्या डावात तू ग्रोथ टाकल्याबरोबर भावाच्या लाइफमधून पाच वजा करायला लागला होतास, तो बोल्ट टाकणार होता हे तुला कळायलाच जागा नव्हती. त्यातूनच “तू उशिरा टाकलास” असा आरोप झाला.

वाद झालाच तर कोणीही कार्डं गोळा करायची नाहीत. हाच नियम मोडला जातो आणि मग काहीच ठरवता येत नाही, कारण कोणाच्या हातात किती कार्डं होती, कोणतं लँड अनटॅप होतं हे दोघांनाही वेगवेगळं आठवतं. हात टेबलावरून काढायचे आणि मोठ्याने बोलायचं: माझा टर्न, कॉम्बॅट, अडवणं जाहीर झालं, स्टॅकवर ग्रोथ, त्यावर बोल्ट. इथपर्यंत आलात की निम्म्या वेळा उत्तर आपोआप समोर येतं. नाही आलं तर ओरॅकल बघा. तरीही नाही सुटलं आणि जवळ जाणकार कोणी नसेल तर घरच्या डावात नाणं उडवा, पुढे खेळा, आणि प्रश्न लिहून ठेवा. एका अस्वलासाठी डाव मोडू नये.

घरचा डाव आणि स्पर्धा यात मी फरक करतो. घरी नवा माणूस चुकीच्या क्षणी काही करायला गेला तर परत घेऊ द्यावं, जोपर्यंत समोरच्याने नवीन माहिती दिलेली नाही. नवीन माहिती म्हणजे, समोरच्याने उत्तर म्हणून कार्ड दाखवलं किंवा तू नवं कार्ड ओढलंस. त्यानंतर परत घेणं हे दुसऱ्यावर अन्याय आहे, घरीही. विसरलेल्या ट्रिगरचंही तसंच. लगेच आठवला तर घरी मी घेऊ देतो, दोन टर्न गेल्यावर नाही. स्पर्धेत मात्र पहिला शब्द “जज” हाच असला पाहिजे. मोठ्याने हाक मारण्यात काही भांडखोरपणा नाही. समोरच्याशी वाद घालून वेळ घालवण्यापेक्षा ते कितीतरी सभ्य आहे, आणि साध्या दुकानातल्या स्पर्धांत जज बहुतेक वेळा शिक्षा न करता चूक सुधारूनच देतो.

तुम्ही अर्धवट सोडलेल्या त्या तिसऱ्या डावाचं काय, असंही विचारलंस. त्याचा निकाल आता लावता येणार नाही, कार्डं हललीत. पण भावाला हे वाचायला दे आणि पुढच्या वेळी भेटलात की टार्मोगॉइफचा प्रकार आणि रिंग-लाइटची जोडी दोघांनी टेबलावर करून बघा. यापुढचा प्रश्न मला पाठवलास तर चार गोष्टी नक्की लिही: कोणाचा टर्न होता, कोणती स्टेप चालू होती, स्टॅकवर तळापासून वरपर्यंत काय होतं, आणि ज्या कार्डावरून वाद झाला त्याचा ओरॅकलवरचा पूर्ण मजकूर, स्वतःच्या शब्दांत नाही, जसाच्या तसा.